आच आणि उसंत

गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. काहिलीशेजारी गार पाण्याचं एक घमेलं असतं आणि हातात झारा. उकळत्या पाकाचा थोडासा भाग तो त्या पाण्यात सोडतो, बोटांनी चेपून त्याची गोळी करतो आणि काहिलीच्या काठावर आपटून बघतो. गोळी चपटी झाली तर अजून अवकाश आहे. टण्णकन वाजली की हाक जाते आणि माणसं काहील उतरवायच्या यारीकडे धावतात. पन्हाळ्याच्या पायथ्याला, आमच्या आजोळी, आम्ही पोरं त्या आवाजासाठी चिपाडाच्या ढिगावर बसून असायचो, कारण त्यानंतर उसाच्या कांडीला गुंडाळलेला गरम गूळ हातात पडायचा. मधूनच कुणीतरी विचारायचं, "तात्या, झाला का?" आमचे गुळवे तात्या मान वर न करता म्हणायचे, "थांब की लेका, पाणी हाय अजून त्यात."

या उत्तरात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकालाही काही दुरुस्त करता आलं नसतं. रसात पाणी मुबलक आहे तोवर चुलवाणात कितीही चिपाड सारा, रस शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतो. सगळी आच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी आटत आलं की मग पारा वर सरकायला लागतो. काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांना उतरवतात, गूळ करायचा तर साधारण ११८ पर्यंत जाऊ देतात. पहिले दोन-अडीच तास मळी काढण्याचे, भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालण्याचे, तंबाखूचे आणि गप्पांचे. शेवटच्या काही मिनिटांत मात्र हाच गप्पिष्ट गुळव्या कुणाशी बोलत नाही. जाळ घालणाऱ्या गड्याला तो नुसत्या हाताने खुणावतो. फेस आता बारीक झालेला असतो, बुडबुडे जड होऊन फुटतात, आणि रंग डोळ्यांदेखत बदलत असतो. एक मोठा श्वास घेण्याइतकी ढिलाई झाली तरी अख्खं आधण करपतं किंवा चिकट होतं.

आच एकच, पण काहिलीत ती तीन कामं एकदम चालवते. पाणी उडवणं हे त्यातलं उघड काम. दुसरं दिसत नाही. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत असतात. अशी फुटलेली साखर जास्त झाली की गूळ नीट बसत नाही, आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. उसाचा रस मुळात किंचित आंबट असतो आणि साखर फोडण्याला आम्लाची मदत होते, म्हणून रसात थोडा चुना घालतात. तिसरं काम रंगाचं आणि वासाचं. फुटलेली साखर आणि रसातली अमिनो आम्लं यांची गाठ पडली की तांबूस, खमंग द्रव्यं तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली. भाकरीचा पापुद्रा आणि परतलेला कांदा याच वाटेने तांबूस होतात. हे काम थोडं झालं तर गूळ, जास्त झालं तर काळा गूळ, आणि काळ्या गुळाला बाजारात कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाच्या या हट्टापायी काहिलीत हायड्रॉस टाकून गूळ पिवळाधमक करायची खोड लागली. माझं मत विचाराल तर दुकानात दोन ढेपा शेजारी शेजारी असतील तेव्हा बिनदिक्कत सावळी उचलावी. रसायनं न घालता ज्याला आच सांभाळता आली, त्याचा गूळ तो.

आता गंमत अशी, की जगात रासायनिक प्रक्रियेचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो याच साखरेच्या फुटण्यावर. जर्मनीतल्या लुडविग विल्हेल्मीने १८५० मध्ये आम्ल घातलेल्या साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. अखंड साखर त्या प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवते, फुटलेल्या साखरेचं मिश्रण डावीकडे. त्यामुळे भांड्याला हातही न लावता, नुसतं यंत्रातून बघत, आता किती साखर उरली हे त्याला सांगता येत होतं. आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आजही त्याच तत्त्वाचं यंत्र असतं आणि रसात साखर किती हे त्यावरच ठरतं. विल्हेल्मीकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तो मोजत होता ते कशासाठी, हेच पुष्कळांना उमगलं नसावं.

स्वान्ते अर्हेनियसला उमगलं. स्वीडनमध्ये उप्सालाजवळ १८५९ साली जन्मलेला हा माणूस. १८८४ मध्ये त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध दिला तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं होतं. त्याच प्रबंधातून फुललेल्या कामाला १९०३ मध्ये नोबेल मिळालं. पण मला तो आवडतो तो १८८९ च्या एका लेखासाठी. विषय तोच, आम्लात साखर फुटण्याचा वेग. त्याला पडलेला प्रश्न असा होता: खोलीच्या तापमानापासून दहा अंश वर गेलं की साखर फुटण्याचा वेग साधारण चौपट होतो. चौपट का व्हावा? रेणूंची धावपळ मोजायची तर शून्य धरायचं ते बर्फाचं नव्हे, त्याच्याही २७३ अंश खालचं. तिथून मोजलं तर २५ चे ३५ अंश होणं म्हणजे २९८ चे ३०८ होणं. वाढ जेमतेम सव्वातीन टक्क्यांची. रेणू तेवढ्याने थोडे जास्त पळतील, थोडे जास्त आपटतील. काम चौपट व्हायचं काही कारण दिसत नाही.

अर्हेनियसने म्हटलं की सगळे रेणू कामाचे नसतातच. साखरेच्या असंख्य रेणूंतले अगदी थोडे कुठल्याही क्षणी अशा अवस्थेत असतात की ते फुटू शकतील. बाकीचे आपटतात आणि जसेच्या तसे परततात. तापमान वाढलं की या मोजक्यांची संख्या झपाट्याने वाढते. सरासरीत जो बदल नगण्य दिसतो, तो टोकाला गेलेल्यांच्या संख्येत प्रचंड असतो. याआधी मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी वायूंच्या बाबतीत दाखवलं होतं की रेणू सगळे एका वेगाने पळत नसतात, थोडे रेंगाळतात, बरेच मधल्या वेगाने जातात आणि फार थोडे सुसाट. अर्हेनियसची नजर त्या सुसाटांवर गेली.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागतो तेव्हा मला हा लेख आठवतो. पलीकडचं गाव उताराला असलं तरी मधली धार चढल्याशिवाय तिथं पोचता येत नाही. बैलगाड्यांच्या काळात सगळ्याच जोड्यांना अंमळ जास्त पेंड मिळाली असती तर सगळ्यांच्या जोरात थोडीशीच भर पडली असती. पण जेमतेम धारेपर्यंत पोचून माघारी फिरणाऱ्या जोड्या त्या थोडक्या भरीने पलीकडे गेल्या असत्या, आणि धार ओलांडणाऱ्यांचा आकडा कुठच्या कुठे गेला असता. पुढे साताऱ्याहून येणाऱ्यांसाठी डोंगर फोडून बोगदा काढला, चढच वाचला. रसायनातही असे बोगदे असतात. सजीवांच्या पेशींत तर पावलोपावली. त्यांना आपण विकरं म्हणतो. आच न वाढवता, अंगातल्या सदतीस अंशांत जी कामं उरकतात ती या बोगद्यांच्या जिवावर.

उसातही असं एक विकर असतं. ऊस उभा आहे तोवर ते त्याच्या वाढीच्या कामी येतं. पेराला नवी साखर फोडून वाढायला देतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की ऊस वाढायचा थांबतो आणि साखर फुटण्याऐवजी कांड्यांत साठत जाते. कोल्हापूरकडचा साखरेचा उतारा राज्यात वरचा का, याचं थोडं श्रेय पाण्याला, थोडं मातीला आणि बरंचसं त्या गार रात्रींना द्यायला हवं. पण कोयता पडला की चित्र पालटतं. तोडलेला ऊस मेलेला नसतो. त्याचं विकर काम करतच राहतं, आता फक्त नवी साखर येत नाही. तुटलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू शिरतात, साखर खातात आणि तिचं बुळबुळीत डेक्स्ट्रान करून ठेवतात, ते कारखान्यात पुढे रस गाळताना आणि साखरेचे दाणे पाडताना जिवावर येतं. म्हणून तोडणीपासून चोवीस तासांत गाळप व्हावं असं म्हणतात. जानेवारीत एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर चालून जातं. एप्रिलमध्ये, गव्हाणीबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत, चाळीस अंशांच्या उन्हात मोळ्या उभ्या असतात तेव्हा तोच एक दिवस फार महाग पडतो. वजन घटतं ते शेतकऱ्याला काट्यावर दिसतं. आत साखर घटते ती दिसत नाही, पण एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, उताऱ्याशी बांधलेला असल्याने ती घटही फिरून त्याच्याच खिशाला बसते.

ट्रॅक्टरवर बसून बिडी ओढणाऱ्या माणसाला अर्हेनियस ठाऊक असायची गरज नाही. "ऊन लै हाय, माल वाळतोय," एवढं त्याला पुरतं. मला मात्र त्या रांगेत उभं राहिलं की वाटतं, घड्याळ सगळ्यांना एकच वेळ दाखवतंय आणि त्या एका तासात प्रत्येक मोळी निरनिराळं अंतर कापतेय. सावलीतली कमी, उन्हातली जास्त. पत्र्याखाली दाबून बसलेली आणखी जास्त.

घरात हे आजीला नेमकं कळायचं. विरजण ती ऋतू बघून लावायची. वैशाखात चमचाभर ताक, माठाशेजारी भांडं, आणि भल्या पहाटे उठून दही आत ठेवण्याची धांदल, नाहीतर आंबट होऊन जायचं. मार्गशीर्षात वाटीभर विरजण, दूध जरा जास्त कोमट, भांड्याला जुन्या लुगड्याचा वेढा आणि वर चुलीजवळची ऊबदार जागा. तरी एखाद्या कडाक्याच्या रात्री दही लागायचं नाहीच. "आज उसंत घेतंय," ती म्हणायची आणि भांडं तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागायची. ताकाशिवाय जेवायचं तर जेवू, पण दह्याला ढोसायचं नाही.

दह्यापाशी अर्हेनियसचं सूत्र थोडं अडखळतं, आणि ते अडखळणं मला सूत्राइतकंच मोलाचं वाटतं. दूध कोमट करत न्या, विरजणातल्या जीवाणूंचा वेग वाढत जातो, चाळीस-बेचाळीस अंशांना ते अगदी रंगात येतात. मग वाटतं, आणखी तापवलं तर आणखी लवकर लागेल. साठ अंशांचं दूध विरजलं तर सकाळी नुसतं दूधच असतं, कारण विरजणच मेलेलं असतं. विकरं ही प्रथिनं आहेत, आणि ठरावीक आचेपलीकडे त्यांची घडी मोडते. निर्जीव साखर फुटण्याचा वेग चढतच जातो. पंचवीस अंशांवरून शंभरावर गेलात तर तो काही हजार पटींनी वाढतो, तिला थकणं माहीत नाही. जिवंत कामाचा वेग मात्र एका टोकाला जाऊन एकदम कोसळतो. तापात फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई गार पाण्याच्या पट्ट्या ठेवते तेव्हा ती त्या टोकापासून त्याला मागे ओढत असते.

आचेने वेग बदलतो याचा डाळ हा आणखी एक नमुना. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी पंच्याण्णव अंशांच्या जवळपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरचं झाकण लावलं की आतलं पाणी १२० अंशांकडे जातं आणि डाळीचं मेण होतं. वीस-पंचवीस अंशांचा फरक, आणि जेवायची वेळ टळते किंवा गाठली जाते.

याच्या उलट टोकाला औषधाची पाकिटं. "२५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा," असं बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि पुष्कळ घरांत त्या गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर, म्हणजे घरातल्या उबदार जागांपैकी एकीत ठेवलेल्या असतात. औषध दोन वर्षं टिकेल हे ठरवायला कंपन्या दोन वर्षं वाट बघत बसत नाहीत. गोळ्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात, मूळ हिशेब तोच अर्हेनियसचा. खऱ्या तापमानाला चाललेली चाचणी मागाहून त्या अंदाजाची खात्री करते. म्हातारपण असं आधी घडवून बघता येतं, हे वाचून मी थोडा चरकलो होतो. आता वाटतं, त्यात चरकण्यासारखं काय आहे? उन्हाळी सुटीत आजोबांच्या माडीवर ठेवलेली वर्तमानपत्रं तळघरातल्यांपेक्षा लवकर पिवळी पडायची, तेव्हा हेच तर चाललेलं होतं.

गार करणं म्हणजे थांबवणं असं आपण बोलून जातो. तसं ते नसतं. फ्रिजमधलं दूधही नासतच असतं, सावकाश. शीतगृहात ठेवलेला गूळही काळवंडतच असतो, फक्त पावसाळा निभावण्याइतका हळू. थंडीने घेता येते ती मुदत, सुटका नाही.

अर्हेनियसबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. साखरेनंतर सात वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडला आणि तो दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल असं काढलं. आजचे आकडे यापेक्षा थोडे कमी येतात, पण हाताने केलेल्या गणिताला तो नेम चांगलाच म्हणायचा. पुढे सामान्य वाचकांसाठी लिहिताना त्याने या उष्णतेचं चक्क स्वागत केलं होतं. थंड देशांतल्या लोकांना बरे दिवस येतील, पिकं भरघोस येतील, असा त्याचा सूर होता. उप्सालाच्या हिवाळ्यात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याने आठवडा काढला असता तर ते पान त्याने पुन्हा लिहिलं असतं. दहा अंशांनी वेग चौपट होतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तापणाऱ्या जगात काय काय लवकर नासेल, याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. विद्वान माणसांचं असं होतं. त्यांची आच एका जागी लागलेली असते.

आमच्या आजोळचं गुऱ्हाळ आता बंद आहे. ऊस सरळ कारखान्याला जातो. तात्यांच्या मुलाने दुसऱ्या गावात गुऱ्हाळ चालवायला घेतलंय आणि त्याच्याकडे काहिलीत बुडवायचा थर्मामीटर आहे, चांगला, लांब दांडीचा. मी गेलो तेव्हा तो आकडा बघत होता, आणि आकडा ११६ ला आला तसं त्याने घमेल्यात पाक सोडून गोळी करायला घेतली. मी म्हटलं, "अरे, दिसतंय की वर." तो म्हणाला, "दिसतंय हो काका. पण आजचा ऊस कालचा शिळा हाय." उसाची जात, आंबटपणा, तोडीनंतर गेलेले तास, सगळ्याने ती वेळ थोडी पुढेमागे होते, आणि दांडीवरचा आकडा यातलं काही बोलत नाही. आकडा आच सांगतो. पाक काय झाला, ते गोळीच सांगते.

तेव्हा चैत्रात रसवंतीवर गेलात तर रस तिथंच उभं राहून प्या. लिंबू पिळून घ्या, त्याने रस काळा पडायला जरा उशीर लागतो, आणि बर्फ घातला तर तक्रार करू नका, फक्त तो चांगल्या पाण्याचा आहे ना एवढं विचारा. बाटलीत भरून घरी नेण्याचा आग्रह मात्र धरू नका. गाडीच्या काचेआड अर्ध्या तासात त्याचं काय होतं, ते आता तुम्हाला सांगायला नको.